ओल्या खडीवर घेतलेली गाडी

बाराठोकेचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर नाही, हाक नाही. उठायचा, तोंड धुवायचा आणि आधी धुम्मस बघायचा. दांडा दोन्ही हातांनी पिळून बघायचा. किंचित हलला तरी पाचर ठोकायचा. मग चहा. साडेपाचला घर सोडायचा, सहाला कामावर. मी सहा वीसला पोचायचो. आम्ही सव्वीस वर्षं जोडीने काम केलं आणि सव्वीस वर्षं तो मला ती वीस मिनिटं ऐकवत राहिला.

"आलात का साहेब? झोप नीट झाली ना? नाहीतर गादी मागवू."

बाराठोके हे त्याचं खरं नाव नव्हे. पेव्हर ब्लॉकच्या कामात ब्लॉक दिसतात, पण काम असतं ते त्यांच्या खाली. आधी माती उकरायची. मग मुरूम आणि खडी भरायची, हातभर जाडीचा थर एकदम न टाकता वीतभर-वीतभर. प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि धुम्मस करायचा. धुम्मस म्हणजे दांड्याला बसवलेला लोखंडी ठोकळा. उचलायचा आणि सोडायचा. बाकीचे लोक एका जागी पाच-सहा ठोके मारून पुढे सरकत. हा मोजून बारा मारायचा. अकरा नाही, तेरा नाही. आणि मारताना कान देऊन ऐकायचा. पहिला ठोका बद्द वाजतो. नववा-दहावा जरा घट्ट. बारावा दगडावर दगड पडल्यासारखा. तो आवाज आला की पुढची जागा.

इतर कामगार चेष्टा करत. "ह्याच्या हाती लागलेल्या जमिनीचे बारा वाजलेच म्हणून समजा." तो म्हणायचा, "आत्ता वाजू दे. नंतर घरमालकाचे वाजायला नकोत."

आमची वाटणी सरळ होती. खालचं त्याचं, वरचं माझं. तो खडी बसवायचा. त्यावर मी बारीक कच, म्हणजे दगडाचा चुरा, पसरायचो. दोन पाइप आडवे ठेवून त्यांवरून फळी ओढली की बरोबर इंचभर थर राहतो. मग दोरी धरून ब्लॉक लावायचे, रबरी हातोड्याने बसवायचे, सांध्यात कच झाडायची. लोक माझ्या कामाकडे बघून म्हणत, "वा, काय सुंदर झालंय." त्याच्या कामाकडे बघून कोणी काही म्हणत नसे, कारण ते दिसतच नसे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र ते "वा" गोड लागायचं. हे आत्ताच सांगून ठेवतो.

त्याच्या स्वतःच्या घरापुढे मातीचं अंगण होतं. पाऊस झाला की चिखल. वहिनी, म्हणजे त्याची बायको, चपला हातात घेऊन फाटकापर्यंत जायची. मी दारात दिसलो की बोलायची, "या भाऊजी, पण जपून. तुम्ही दोघं जगाच्या दारात गालिचे अंथरता, आमच्या दारात पोहायला यावं लागतं."

"पुढच्या वर्षी," तो म्हणायचा.

"पुढचं वर्ष पुढेच असतं," वहिनी म्हणायची.

पण तो पैसे बाजूला टाकत होता. दर आठवड्याच्या मजुरीतून थोडे. ह्यात त्याने कधी खंड पडू दिला नाही. फाटकापासून दारापर्यंत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पूर्ण अंगण घालायचं होतं त्याला. राखाडी ब्लॉक, कडेला लाल पट्टी. मला कागदावर काढून दाखवलं होतं. ढाळ कुठे द्यायचा, पाणी कुठून काढायचं, सगळं.

मग मास्तरीणबाईंचं काम आलं.

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. एकट्याच राहायच्या. मुलगा शनिवार-रविवारी गाडी घेऊन यायचा, ती आत घेता यावी म्हणून फाटकापासून घरापर्यंत ब्लॉक घालायचे होते. काम लहान, चार दिवसांचं. बाई चहा वेळेवर द्यायच्या आणि कपावर बशी झाकायच्या, धूळ पडू नये म्हणून. अशी माणसं कमी भेटतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने खडीचा शेवटचा थर ठोकून संपवला. पाणी मारलेलं होतं. ओली खडी रात्रभर तशीच ठेवायची असते. तिच्यावर माणूस चालला तर चालेल, पण वजन नको. हे नवशिक्यालाही माहीत असतं. दुपारी त्याला निरोप आला की भाऊ दवाखान्यात आहे. त्याने हातपाय धुतले.

"कच थोड्या वेळात येईल. बाहेर ओतून घे. आज काही लावू नकोस. उद्या लावू."

"बरं," मी म्हटलं.

तो गेला. तासाभराने कच घेऊन ट्रक आला. ड्रायव्हरने काच खाली केली.

"बाहेर ओतू का आत घेऊ?"

बाहेर ओतली असती तर ढीग रस्त्याच्या कडेला पडला असता. तिथून आत साठेक पावलं. घमेल्याने वाहायची म्हटलं तर सत्तर-ऐंशी खेपा. मी एकटा. ऊन होतं. मी त्या ढिगाचा विचार केला, खेपांचा केला, खांद्याचा केला.

"घे आत," मी म्हटलं.

ट्रक मागे आला. मागची चाकं फाटकातून आत आली आणि ओल्या खडीत बसली. दोन लांब चाकोऱ्या पडल्या. खोली अडीच इंच, काही ठिकाणी तीन. ड्रायव्हर उतरून बघायला लागला.

"बसतंय हो तुमचं," तो म्हणाला आणि हसला.

"तू ओत आणि जा."

आता काय करायला हवं होतं ते मला नीट माहीत होतं. चाकोऱ्या उकरायच्या, नवी खडी भरायची, पाणी मारायचं, ठोकायचं. खडीचा ढीग घराच्या मागच्या बाजूला होता. तीस घमेली पुरली असती. ठोकायला तास. म्हणजे संध्याकाळ झाली असती, बस्स. पण कच समोरच पडलेली होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी फावड्याने कच चाकोऱ्यांत लोटली, पायाने दाबली, वरून फळी ओढली. एका मिनिटात सगळं सपाट. कचेचा थर इंचभरच हवा. जास्त जाड झाला की तो बसत जातो, आणि वर ब्लॉकही बसतात. हे मी कित्येक नवशिक्यांना ओरडून सांगितलं होतं. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं नाही.

एवढंच करून थांबलो असतो तर दुसऱ्या दिवशी त्याने कच उकरून बघितली असती. म्हणून मी संध्याकाळपर्यंत फाटकाकडचे ब्लॉक लावूनही टाकले. लपवायला केलेलं काम फार वेगाने होतं.

सकाळी सहा वीसला पोचलो तर तो लावलेल्या ब्लॉकांकडे बघत उभा होता. रागवेल असं वाटलं.

"एकट्याने एवढं केलंस? मी नव्हतो म्हणून?" त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ ठीक आहे. तू मात्र कमाल केलीस." मग बाईंना हाक मारून सांगितलं, "बाई, आमच्या साहेबांना आज दोन कप चहा द्या."

मी दोन्ही कप प्यायलो.

पावसाळा गेला आणि बाईंचा त्याला फोन आला. दिलेला नंबर त्याचाच होता. आम्ही दोघं बघायला गेलो. फाटकापासून आत, गाडीची चाकं जातात बरोबर तिथे, दोन पट्टे खचले होते. त्यांत पाणी साचून हिरवं शेवाळ धरलं होतं.

"माझी तक्रार नाही हो," बाई म्हणाल्या. "नातवाला तर आवडलंय. म्हणतो, आजीच्या दारात दोन नद्या. पण परवा माझा पाय सटकला. फाटक धरलं म्हणून वाचले."

बाराठोके खाली बसला. त्याने खचलेल्या ब्लॉकांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बरोब्बर चाकाखाली बसलंय. ठोका कमी पडला."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बाई आत गेल्या होत्या. आम्ही दोघंच होतो. वाक्य चार शब्दांचं होतं. मी ट्रक आत घेतला.

"उद्या उकरू," तो म्हणाला. "सहाला. एक पैसा घ्यायचा नाही बाईंकडून."

उकरलं की जाड कच दिसणार होती. कच माझी. खालचं त्याचं, वरचं माझं, ही वाटणी एकोणीस वर्षांची. तो एका नजरेत ओळखणार होता.

त्या दिवशी, सगळ्या आयुष्यात एकदाच, माझा दिवस त्याच्याआधी सुरू झाला. मी साडेतीनला उठलो. पावणेपाचला बाईंच्या फाटकात होतो. बाईंच्या खोलीत दिवा लागला, त्यांनी खिडकी उघडली.

"इतक्या लवकर, भाऊ?"

"ऊन होतं ना नंतर."

"अहो, पण दिसतंय तरी का?"

मला दिसत होतं. मी ब्लॉक उचलून रचले. कच फावड्याने काढली आणि घमेल्याने घरामागे नेऊन टाकली. अठ्ठावीस खेपा झाल्या. पळत केल्या. जेवढे कष्ट त्या दुपारी वाचवले होते, तेवढे सगळे त्या पहाटे केले, भीतीने धापा टाकत. तो सहाला आला तेव्हा चाकोऱ्या उघड्या होत्या. नुसती खडी, अडीच-तीन इंच खाली गेलेली. त्याला दिसलं ते एवढंच.

"आज साहेब आधी," तो म्हणाला, पण हसला नाही. गुडघ्यावर बसून त्याने चाकोरीत तळवा टेकवला. "हे माझंच आहे."

"जमीन खराब असते कधी कधी," मी म्हटलं.

"जमीन खराब नसते. ठोकणारा म्हातारा होतो."

तो तेव्हा पन्नास-एक्कावन्नचा होता. दंड माझ्या मांडीएवढे. त्याने ते पट्टे नव्याने भरले आणि ठोकले. एका जागी बारा नाही, वीस मारले. प्रत्येक जागी. मोजताना ओठ हलत होते. आधी कधी हलत नसत.

त्यानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. ठोकून पुढे गेला की परत मागे यायचा आणि पुन्हा ठोकायचा. काम लांबायला लागलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, "दंड बघ जरा दाबून. सैल झालाय?"

मी दाबला. लोखंड होतं.

"थोडासा," मी म्हटलं.

का म्हटलं ते आजही सांगता येत नाही. नाही म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग बाईंकडे खचलं कसं? त्या 'कसं'चं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि मी ते सांभाळून ठेवत होतो.

दुसऱ्या वर्षी त्याने जमीन ठोकायचं मशीन बघितलं. पेट्रोलवर चालणारं, खाली जाड पत्रा, धडधड करत पुढे सरकतं. किंमत ऐकली आणि मला त्याचा तो कागद आठवला. ती अंगणाची किंमत होती. राखाडी ब्लॉक, लाल पट्टी, सगळं धरून.

"घेऊ का?" त्याने विचारलं. "मशीनचा हात म्हातारा होत नाही. पुन्हा कुणाची आजी घसरायला नको."

दुकानात आम्ही दोघंच गेलो होतो. दुकानदार आमच्या तोंडाकडे बघत होता.

"घे," मी म्हटलं.

वहिनी तेव्हा काय म्हणाली ते मला त्याच्याकडूनच कळलं. काहीच म्हणाली नाही. वहिनी काहीच म्हणत नाही म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मशीन चांगलं होतं. काम लवकर व्हायचं. धुम्मस त्याने घरी नेऊन दारामागे ठेवला, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून. पण मशीन चालवताना त्याचा चेहरा पडलेला असायचा. एकदा मशीन बंद करून म्हणाला, "जमीन काय बोलते ते आता ऐकूच येत नाही."

बाजूला टाकलेले पैसे आता पेट्रोलात आणि दुरुस्तीत जायचे. सात वर्षं त्याने ते मशीन ढकललं. ते हातांत थरथरतं आणि ती थरथर हातांत राहते. कप धरताना त्याची बोटं हलायला लागली. मग माझे गुडघे गेले, त्याची कंबर गेली आणि आम्ही दोघांनी एकाच महिन्यात काम सोडलं. मशीन त्याच्या अंगणात, ताडपत्रीखाली, चिखलात चार विटांवर उभं राहिलं.

मी त्याच्याकडे जात राहिलो. तोंड दाखवायची हिंमत होती म्हणून नाही, सवय होती म्हणून.

गेल्या पावसाळ्यात वहिनी अंगणात घसरली. मनगट मोडलं. मी भेटायला गेलो तर तो चिखलावर फळ्या टाकत होता. फाटकापासून दारापर्यंत जुन्या फळ्या, एकापुढे एक. वहिनी ओट्यावर बसलेली, हात प्लास्टरमध्ये.

"या भाऊजी," ती म्हणाली. "बघा, आमचा रस्ता झाला. उद्घाटन तुमच्याच हस्ते."

मी फळीवर पाय ठेवला. फळी हलली. चिखल बाजूने वर आला.

तो कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "हाताने त्या वेळी दगा दिला नसता ना," तो म्हणाला, "तर हे अंगण केव्हाच झालं असतं."

मी फळीवरच उभा राहून सांगितलं. खाली बसलो नाही. ट्रक सांगितला, चाकोऱ्या सांगितल्या, कच सांगितली. पहाटे पावणेपाच सांगितले, अठ्ठावीस खेपा सांगितल्या. दुकानातलं "घे" सांगितलं. दंडाचंही सांगितलं.

तो ऐकत राहिला. संपल्यावर त्याने फक्त कामाचे प्रश्न विचारले.

"ट्रक भरलेला होता?"

"भरलेला."

"खडी ओली?"

"ओलीच. सकाळीच तर तू पाणी मारलं होतंस."

"मग बसणारच. कुणीही ठोकलं असतं तरी बसलंच असतं." त्याने तळहात उलटून बघितला. "म्हणजे माझा हात ठीक होता."

तो घरात गेला आणि दारामागचा धुम्मस घेऊन आला. दांडा पिळून बघितला. हलत होता. तरी अंगणाच्या कोरड्या कोपऱ्यात गेला आणि उचलून सोडला. एक. दोन. तीन. चौथ्याला धुम्मस गुडघ्याच्या वर आला नाही. पाचव्याला त्याने तो नुसता टेकवला आणि दांड्यावर कपाळ ठेवून उभा राहिला.

"आत्ता खरंच गेलाय," तो म्हणाला.

मी वहिनीकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "चहा ठेवते मी," आणि आत गेली. एरवी म्हणायची, "भाऊजी, चहा ठेवते." तो शब्द त्या दिवसापासून मी ऐकलेला नाही.

मी म्हटलं, "अंगण मी घालून देतो. सगळं सामान माझं."

"तुझे पैसे ह्या जमिनीत नकोत."

"मग?"

"गुडघे आण."

त्याने मशीन विकलं. सात वर्षं वापरलेल्या मशीनला जे मिळतं ते मिळालं. तेवढ्यात पूर्ण अंगण होणार नव्हतं. त्याने जुना कागद शोधून काढला, त्यावर फाटकापासून दारापर्यंत दोन रेघा मारल्या आणि बाकीचं खोडलं.

सामानाची गाडी आली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"आत घेऊ का?"

बाराठोके माझ्याकडे बघत राहिला.

"नको," मी म्हटलं. "रस्त्यावरच ओत."

खडी मी वाहिली. घमेल्यात अर्धीच भरायचो, जास्त पेलत नाही आता. दहा खेपांनंतर बसायचो. त्याने मला एकदाही लवकर कर म्हटलं नाही, आणि एकदाही राहू दे म्हटलं नाही. ठोकायचं त्याने स्वतःकडे ठेवलं. नवी पाचर मारली. तीन ठोके, विसावा, तीन ठोके, विसावा. बारा झाल्याशिवाय पुढे सरकला नाही. बाराव्या ठोक्याला मान तिरकी करून ऐकायचा. पूर्वी आम्ही जोडीने दोन दिवसांत केलं असतं ते काम अकरा दिवस चाललं. अकराही दिवस मी सहाच्या आत पोचलो. साहेब म्हणून त्याने मला एकदाही हाक मारली नाही.

कच मी पसरली. फळी ओढल्यावर त्याने खिशातून खिळा काढला, त्यावर इंचाची खूण होती. दर दोन हातांवर तो टोचून बघितला. मी बाजूला उभा राहिलो. त्याचं बघून झाल्यावर मी ब्लॉक लावले.

बाराव्या दिवशी त्याने फाटकाशी बादलीभर पाणी ओतलं. पाणी ढाळाने गेलं, कुठे थांबलं नाही. वहिनी दारातून निघाली आणि फाटकापर्यंत चपला घालून चालत गेली. परत आली. "बरं झालंय," ती त्याला म्हणाली.

सव्वीस वर्षांची मजुरी, आठवड्याला थोडी थोडी बाजूला टाकलेली, आधी मशीनमध्ये गेली आणि शेवटी ह्यात आली. साडेतीन फूट रुंदीची पट्टी, फाटकापासून दारापर्यंत. राखाडी ब्लॉक. लाल पट्टीला पुरलं नाही. दोन्ही बाजूंना चिखल आहे.